भारी धान आणि बाबूजींची रायफल

निवडणुकीच्या ट्रेनिंगला गोंदियाला गेले होते. शिक्षकाची नोकरी धरली की ही वेठ कुणाला चुकत नाही, आणि कुरकुर केली तरी ऐकतो कोण. ऑटोतून उतरले तर पोलीस ठाण्याच्या फाटकापासून पानठेल्यापर्यंत माणसांची रांग लागलेली. प्रत्येकाजवळ एक लांबोडकं गाठोडं. कुणाचं चादरीत, कुणाचं युरियाच्या पोत्यात, आणि एका म्हाताऱ्याचं तर चक्क नातवंडाच्या दुपट्यात गुंडाळलेलं, वर निळी बदकं. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, निकाल लागला की परत मिळतात. त्याची ही रांग. येणारे-जाणारे पाहून न पाहिल्यासारखं करत होते. मी मात्र थांबले. ट्रेनिंगला उशीर होत होता तरी पाय निघेना.

अशाच एका रांगेत, अर्जुनी मोरगावला, मी बाबूजींसोबत, माझ्या वडिलांसोबत, उभी होते. त्याला आता दहा वर्षं होतील.

विधानसभेची निवडणूक आमच्याकडे नेमकी धान पिकण्याच्या दिवसांत येते. ही वेळ रानडुकरांना विचारूनच ठरवतात, असं बाबूजी म्हणत. हलका धान दसरा-दिवाळीच्या सुमारास कापून होतो, भारी धान पुढे महिनाभर उभाच असतो. इटियाडोह धरणाच्या पाटाचं पाणी बंद झालेलं असतं, बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या खाचरांमधला, चिखल आळत येतो, धुऱ्यांवरचं, मधल्या बांधांवरचं, गवत पिवळं पडतं आणि साऱ्या शिवाराला एक गोडसर, जडसर वास सुटतो. हा वास मी कुठेही ओळखीन. शाळेच्या खिडकीतून आला तरी फळ्यावरचा हात थांबतो. बाकीच्यांना त्या वासात भरलेली कोठी दिसते. मला त्यात लोखंडाचा आणि मोहाच्या टोरीच्या तेलाचाही वास येतो, त्याला माझा इलाज नाही.

बाबूजींनी ती रायफल नव्याण्णव साली नागपूरहून आणली. पीक राखायचा परवाना मिळायला इतके हेलपाटे घातले होते की चपलेचे तळवे झिजले. साधी बारा बोरची बंदूक चालली असती. गावात बहुतेकांनी तीच सुचवली. पण बाबूजींच्या डोक्यात वेगळंच होतं. तरुणपणी ते होमगार्डमध्ये होते आणि तिथे त्यांना एकदा, फक्त एकदा, पोलिसांची जुनी थ्री नॉट थ्री चालवायला मिळाली होती. इंग्रजांच्या फौजेची ती रायफल. दर गोळीला बोल्ट वर उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली पाडायचा. ते चार आवाज त्यांच्या कानात घर करून बसले होते. जेवताना ते चमचा तसा वर-मागे-पुढे-खाली करून दाखवत आणि माय म्हणायची, "भाजी सांडून राहिली जी, लढाई मंग करा."

फौजेची गोळी साध्या माणसाला ठेवता येत नाही. म्हणून सरकारी कारखान्यात त्याच जुन्या रायफलीच्या धर्तीवर नवी रायफल बनते, वेगळ्या गोळीची. आमच्याकडे तिला तीनसौ पंधरा म्हणतात. म्हणजे वस्तू कोरी करकरीत, पण वळण आजोबांच्या काळातलं. बाबूजी ती दोन्ही हातांवर घेऊन घरात आले, तेव्हा मायनं खरोखर तिला कुंकू लावलं. दाराशी नारळ फुटला. मग ती ओसरीवरच्या खोलीत, खुंटीवर, कुलपाच्या साखळीत गेली.

नव्याचे नऊ दिवस सरले आणि तिचे गुण कळू लागले. पावसाळ्यात तिचं लाकूड फुगायचं आणि बोल्ट असा घट्ट व्हायचा की बाबूजी तो तळहातानं ठोकून उघडत. नेम जरा डावीकडे जायचा. धुऱ्यावर ठेवलेला फुटका माठ मारायचा तर उजवीकडच्या पळसावर नेम धरावा लागे. खांद्याला असा दणका देई की संध्याकाळी माय हळद-तेल गरम करून बसायची. वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या दुकानात दाखवल्याशिवाय नवी काडतुसं मिळत नसत, त्यामुळे बार काढून झाला की डुकराच्या आधी पुंगळीचा शोध. चिखलात ओणवे होऊन पुंगळी चाचपणारा आमचा शिकारी बाप मी किती वेळा पाहिला आहे.

शिकारी म्हटलं खरं, पण त्यांनी त्या रायफलीनं काही मारलं नाही. डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, आणि ती भानगड त्यांना नको होती. ते मचाणावर बसत, आवाज आला की नळी आभाळाकडे करून एक बार काढत. डुकरं पळत. शेजारची सगळी शेतं त्या आवाजावर निवांत झोपत. एका अर्थी ती सगळ्या शिवाराची रायफल होती, असं आम्ही समजत होतो.

आमच्या, पटल्यांच्या, बांध्यांना लागूनच सुखदेवकाकांची बांधी होती. सुखदेव रामटेके, बाबूजींच्याच वयाचे, बुद्धविहाराच्या पाठीमागे त्यांचं घर. लहानपणी दोघांनी गुरं एकत्र चारलेली. पाटाचं पाणी आमच्या बांधीतून त्यांच्या बांधीत उतरायचं, त्यामुळे रोज काही ना काही बोलणं व्हायचंच. काका कमी बोलत आणि बोलले की तुकडा पाडून बोलत. रायफल आली तेव्हा सगळं गाव ओसरीवर येऊन हात लावून गेलं. काका आले, त्यांनी पाहिली, हात नाही लावला. "चांगली आहे जी. कोनाच्या घरी आहे, हे माहीत असलं म्हणजे झालं," एवढं म्हणाले. तेव्हा ती स्तुतीच वाटली होती.

तर ती रांग. दोन हजार चारची निवडणूक. माझं डी.एड. झालेलं, शिक्षणसेवकाच्या ऑर्डरची वाट पाहत मी घरी बसलेली, म्हणून बाबूजी मला सगळीकडे सोबत न्यायचे. ठाण्यासमोर एखादी जत्राच भरली होती. एरवी लपवून ठेवायची वस्तू त्या दिवशी प्रत्येकाला दाखवायची असते. गोंदियाच्या एका राईस मिलवाल्या शेठजींचं अर्जुनीजवळ शेत होतं, परवान्यावर पत्ता तिथला, म्हणून तेही गाडी घेऊन आले होते. त्यांच्याजवळ अगदी बाबूजींसारखीच रायफल.

"भाईसाब, हमारी तो मक्खन चलती है. बोल्ट देखो," शेठजी म्हणाले.

बाबूजींनी तो मागे-पुढे करून पाहिला. "चालवली नाही तर मक्खनच राहील ना शेठजी. किती बार काढले?"

"बार? शादी में एक निकाला था. साले की."

सगळी रांग हसली. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या खांद्यावर खरी जुनी थ्री नॉट थ्री होती, लाकूड काळं पडलेलं, पट्टा उसवलेला. बाबूजी त्याला म्हणाले, "साहेब, तुमच्या रायफलीची ही धाकटी बहीण." शिपाई म्हणाला, "मग घेऊन जा मोठीला पण. खांदा गेला माझा." मीही हसले. आता आठवलं की मनात येतं, आमची रायफल खरोखरच त्या मोठीची बहीण होती. ती रायफल माणसांवर रोखण्यासाठीच बेतलेली. तिची उंची, तिचं वजन, तिचा नेम, सगळं माणसाच्या मापाचं. आपण तिला डुकरांच्या कामाला लावलं म्हणून तिची मूळ सवय जात नाही. पण त्या दिवशी हे कुणाला सुचणार? ऊन छान होतं, भजी गरम होती.

रायफल ठाण्यात गेली आणि डुकरांना जणू आवतण गेलं. हलक्या धानाच्या दोन बांध्या त्यांनी पार लोळवल्या. खाल्लं त्याच्यापेक्षा तुडवलं जास्त. बाबूजी टिनाचा डबा बडवत रात्रभर फिरायचे, सकाळी आवाज बसलेला असायचा. भाषणांचे भोंगे गावातून जायचे, हात जोडलेली माणसं यायची, बाबूजी म्हणायचे, "मत देतो जी, पन आधी माही रायफल द्या." निकाल लागला, फटाके फुटले, तरी ठाण्यातून रायफल सुटायला आणखी दिवस गेले. आणली तेव्हा तिच्या नळीवर आणि बोल्टवर तांबूस गंज चढला होता. ठाण्याची खोली ओलसर, त्यांचा तरी काय दोष. पण बाबूजींचा चेहरा मला विसरता येत नाही. कुणी आपलं लेकरू उपाशी परत पाठवावं तसा चेहरा.

दुकानानं दिलेलं पातळ मशीनचं तेल कधीच संपलं होतं. नागपूरला कोण जाणार. घरात टोरीचं तेल होतं, मोहाच्या बियांचं. आमच्याकडे ते तव्यालाही लागतं, भेगाळल्या टाचांनाही लागतं आणि बैलगाडीच्या चाकालाही. बाबूजींनी बोल्ट काढून त्या तेलाच्या वाटीत बुडवून ठेवला. गंज सुटला, पोलाद चकाकलं, बाबूजी खूश. ओसरीवर ऊन होतं आणि वाटीतलं तेल पाण्यासारखं पातळ होतं. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. पण बोल्टच्या पोटात, काडतुसावर आदळणाऱ्या पिनेभोवती ते गोठेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

भारी धान कापणीला आला होता. धुकं पडू लागलं होतं. एका पहाटे, फटफटायच्या बेताला, बाबूजींनी मला उठवलं. कुंपणाच्या खालच्या बाजूनं डुकरं शिरतात, खिंडार पडलं आहे, आज पाहतोच, असं म्हणाले. मी शालीत गुरफटून मचाणावर त्यांच्या शेजारी बसले. धुक्यात धानाचे फक्त शेंडे दिसत होते. सगळं ओलं, सगळं गप्प. मग खालच्या धुऱ्याकडे खसखस झाली. काहीतरी काळं, ओणवं, झुडपं ओढल्यासारखा आवाज करत पुढे-मागे होत होतं.

बाबूजींनी रायफल उचलली. मी वाट पाहिली की नळी आता वर जाईल. ती गेली नाही. पाच वर्षं आभाळाकडे जाणारी नळी त्या पहाटे सरळ राहिली. लोळवलेल्या बांध्या, बसलेला आवाज, ठाण्यातला गंज, सगळ्याचा राग त्यांच्या खांद्यात जमला होता. मी "बाबूजी" म्हणेपर्यंत त्यांनी घोडा ओढला.

खट्.

एवढाच आवाज झाला. ओलसर, मेल्यासारखा. बाबूजींनी बोल्टला हात घातला, तो जड, हलेना. आणि तेवढ्यात ते काळं सरळ उभं राहिलं. अंगावर घोंगडी होती. हातात बोराटीची काटेरी फांदी होती.

"कोन आहे जी मचानावर? पटलेभाऊ का?"

सुखदेवकाका होते. आमच्या कुंपणाचं खिंडार ते बोराटीनं बुजवत होते. डुकरं आमच्याकडून त्यांच्या बांधीत येत, म्हणून म्हणा, पण काम आमचं होतं आणि करत ते होते.

रायफल अजून त्यांच्याच दिशेला होती. बाबूजींना ती खाली करायचं सुचेना, मी हातानं दाबून खाली केली. नळी बर्फासारखी गार होती. "हाव, मीच," बाबूजी कसेबसे म्हणाले. "डुकर आला होता का?"

काकांनी मचाणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आला होता. गेला." फांदी खिंडारात खोचून ते धुक्यात चालते झाले.

घरी येऊन बाबूजींनी ते काडतूस काढलं. त्याच्या बुडाला, मधोमध, नखानं टोचावं एवढाच खळगा होता. गोठलेल्या तेलानं पिन अडली, पोहोचली पण जोर गेला होता. मायनं ते पाहिलं. मग तिचं पहिलं वाक्य आलं, "कोनाले सांगू नका." मला तिचा राग आला. आता येत नाही. तिला पोलीस दिसत होते, गाव दिसत होतं, पटल्यांनी रामटेक्यावर बंदूक रोखली हे वाक्य चावडीवर कसं फिरेल ते दिसत होतं. आणि त्या वाक्यात खोटं तरी काय होतं? चुकून रोखली, एवढंच आपण पुढे जोडणार. ज्याच्यावर रोखली, त्यानं ते "चुकून" कुठून आणायचं?

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. कापणी सुरू झाली, बायका रांगेनं ओणव्या होऊन विळे चालवत होत्या, त्यांची थट्टामस्करी चालली होती, आणि बाबूजी धुऱ्यावर नुसते उभे. ओणवं माणूस दिसलं की त्यांची नजर वळायची. सुखदेवकाका रोज भेटत. रामराम-जयभीम होई. पाण्याचं, मजुरांचं बोलणं होई. दोघंही त्या पहाटेबद्दल चकार शब्द काढत नसत. बाबूजींना वाटे, त्याला कळलंच नसेल, धुकं होतं. मला वाटे, कळलं नसेल तर बरंच आहे. आणि लगेच वाटे, कळलं असेल तर तो माणूस रोज आपल्याशी कसा बोलत असेल?

शेवटी कापलेल्या धानाची पुंजणी रचून झाली, त्या संध्याकाळी बाबूजी उठले. खिशात काडतूस घातलं. मायनं अडवलं नाही, फक्त म्हणाली, "एकटे नका जाऊ." म्हणून मी गेले.

काका अंगणात दोरी वळत बसले होते. बाबूजींनी काडतूस त्यांच्यासमोर खाटेवर ठेवलं. "सुखदेव, त्या दिवशी मी घोडा ओढलो होतो. डुकर समजून. हे उडालं नाही." बस, एवढंच.

काकांनी काडतूस तळहातावर घेतलं, उलटं करून खळगा पाहिला, परत ठेवलं. "मी पायलो ना जी," ते म्हणाले. "नळी माह्याचकडे होती. खटका बी आयकलो."

"मंग बोलला काऊन नाही?"

"तुमी सांगता का नाही, ते पाहून राहिलो होतो."

काकू चहा घेऊन आल्या. कपांचे आवाज झाले. आम्ही तो चहा प्यायलो, कारण त्या अंगणात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. निघताना बाबूजींनी हात जोडले. काका म्हणाले, "माफी-गिफी ठेवा. आले, बरं केलं. पन खरं सांगू का, आता त्या धुऱ्यावरून जातानी मले भेव लागते. ते का मी मुद्दाम नाही करून राहिलो."

दुसऱ्या दिवशी बाबूजी रायफल गाठोड्यात बांधून पुन्हा ठाण्यात गेले. निवडणूक नव्हती, रांग नव्हती. कारकुनानं विचारलं, चांगली चालती रायफल कुणी परत देतं का? बाबूजी म्हणाले, "चालती आहे, म्हणूनच." कागदांवर सह्या झाल्या. खुंटी रिकामी झाली. मायनं तिच्यावर पाण्याची पिशवी अडकवली. त्यांना वाईट वाटलं का? वाटलं असणारच. पाच वर्षं जिला लेकरासारखं जपलं, पावसात स्वतः भिजून जिच्यावर घोंगडी टाकली, ती अशी देऊन यायची. पण त्यांनी पुन्हा तिचं नाव काढलं नाही आणि चमच्याचा तो खेळही थांबला.

मला ऑर्डर आली, मी दूर सालेकशाकडच्या शाळेत गेले. कापणीच्या दिवसांत सुट्टी कधी मिळत नसे. लग्न झालं, बदल्या झाल्या. भारी धान उभा असताना गावी असणं मला बरीच वर्षं जमलं नाही.

या वेळी जमलं. मतदान आटोपलं, पेट्या जमा झाल्या, पुढे दिवाळीची सुट्टी लागली आणि मी तिला आणखी चार दिवस जोडून गावी गेले. रांग पाहिल्यापासून मन तिकडे लागलं होतं. बाबूजी आता थकले आहेत, पण पहाटे शेतात जातातच. मीही गेले. तसंच धुकं, तसेच शेंडे. बाबूजी धुऱ्यावर वाढलेलं गवत विळ्यानं कापत होते आणि मी शालीत हात घालून उभी होते.

तेवढ्यात खालच्या बाजूनं, दिसण्याच्या कितीतरी आधी, मोठ्यानं हाक आली. "मी आहो जी! सुखदेव आहो!"

मी दचकले. थोड्या वेळानं पुन्हा, जवळून, "सुखदेव आहो जी!"

"हे असं कधीपासून?" मी विचारलं.

"तेव्हापासून," बाबूजी म्हणाले. "रोज."

गावाला वाटतं, म्हातारपणाची सवय आहे. पोरं त्यांची नक्कल करतात. रायफल आमच्या घरातून गेली, हे काकांना माहीत आहे. बाबूजींनी स्वतः जाऊन सांगितलं होतं आणि काका "बरं" म्हणाले होते. त्यांच्या डोक्याला ते पटलेलं आहे. पण पहाटेच्या धुक्यात शिरण्याआधी आपलं नाव मोठ्यानं सांगावं लागतं, हे त्यांच्या अंगाला कोण विसरायला लावणार? आमच्या खुंटीवरची वस्तू आम्ही एका दिवसात परत करून मोकळे झालो. त्यांच्याकडे जे राहिलं, ते जमा करून घेणारं ठाणं कुठे आहे, मला ठाऊक नाही. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

धुक्यातून घोंगडी दिसू लागली. बाबूजींनी हातातला विळा वाकून धुऱ्यावर ठेवला. कमरेत कळ आली असावी, ते हळू सरळ झाले. मग दोन्ही हात बाजूला, मोकळे सोडून त्यांनी हाक दिली, "ये सुखदेव, ये."